कौलारू छपराचं काम: तुकडे कसे पाडावेत आणि किती झालं ते कसं मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे, मंगळुरी कौलांचं, दोन पाख्यांचं, म्हणजे दोन बाजूंना उतार असलेलं. यंदा छप्पर उतरवून लाकूड दुरुस्त करायचं आणि पुन्हा घालायचं आहे. शेजारच्या घरी गेल्या वर्षी हेच काम मार्चमध्ये सुरू झालं. मेच्या अखेरीस पहिली सर आली तेव्हा निम्मं घर ताडपत्रीखाली होतं आणि "झालंच आहे, थोडं राहिलंय" असंच उत्तर रोज मिळत होतं. एवढ्या मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडायचे, आणि काम पुढे सरकतंय की नाही हे रोजच्या रोज कसं कळेल?

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. तुकडे कारागिरांप्रमाणे पाडू नका, खणांप्रमाणे पाडा. एका पाख्यावरची, दोन तुळयांच्या (छपराचा भार घेणाऱ्या जाड लाकडांच्या) मधली जागा म्हणजे एक खण. तो उघडायचा, त्यातलं लाकूड, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या), कौलं सगळं पुरं करायचं, पाणी मारून बघायचं आणि मगच पुढे जायचं; एका वेळी जास्तीत जास्त दोन खण उघडे.

बहुतेक ठिकाणी उलट चालतं. आधी सगळी कौलं उतरवतात, मग सुतार सगळं लाकूड करतो, मग सगळ्या रिपा, मग सगळी कौलं. ऐकायला हे सरळ वाटतं, प्रत्येक कारागिराला सलग काम मिळतं, मजुरीही थोडी वाचते. पण या पद्धतीत शेवटचा टप्पा संपेपर्यंत घराच्या एका कोपऱ्यावरसुद्धा छप्पर नसतं. सुतारकाम तीन आठवडे लांबलं तर तोवर झालेल्या कामाचा पावसाच्या दृष्टीने काहीच उपयोग नाही. खणाखणाने केलं तर मिटलेला प्रत्येक खण आपल्याखालची जागा कोरडी ठेवतो आणि काम कुठल्याही दिवशी थांबवता येतं. थांबवता येणं हाच या विभागणीचा खरा फायदा आहे.

आता मापं घेऊ. समजा, आढ्याची (दोन्ही पाखी वर जिथे मिळतात त्या माथ्याची) लांबी दोन्ही बाजूंच्या वळचणी, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या कडा, धरून १५ मीटर आहे आणि आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर सव्वापाच मीटर. उतार ३० अंशांचा असेल तर पाख्याची तिरपी लांबी साधारण ६ मीटर येते. म्हणजे एक पाखं सुमारे ९० चौरस मीटर, दोन्ही मिळून १८०. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे एकूण २,७००. तुळया तीन-तीन मीटरवर असतील तर एका पाख्यावर ५ खण, दोन्हींवर १०. एका खणात १८ चौरस मीटर, २७० कौलं. २,७०० कौलांचा अंदाज कुणालाच नीट बांधता येत नाही. २७० कौलांचा येतो.

तुमच्या घराला राजांगण (मधला उघडा चौक) असेल तर आत उतरणारी पाखी जिथे मिळतात तिथल्या पन्हळी वेगळ्या धरा. पन्हळ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे खण एकाच वेळी उघडावे लागतात, कारण पन्हळीचा पत्रा दोन्हीकडच्या कौलांखाली जातो. तो एक मोठा तुकडा समजा आणि त्याला साध्या खणाच्या दुप्पट-अडीचपट वेळ द्या. पन्हळीला नेहमीचा एक खण समजणं ही वेळापत्रकातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

खण उघडण्याआधीची कामं जानेवारीतच सुरू व्हायला हवीत. त्यातली बरीच कामं हातांनी करायची नसतात, त्यांची वाट पाहावी लागते: पंचायतीची दुरुस्तीची परवानगी, सहमालकांची ना हरकत, लाकूड वाळणं, कौलांची गाडी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा कायद्यामुळे वडिलोपार्जित घरात भावा-बहिणींचे सगळ्यांचे हिस्से असतात. त्यातलं कुणी मुंबईत, कुणी परदेशात असतं. सही मिळायला दोन दिवस लागतील की दोन महिने, हे तुमच्या हातात नसतं. म्हणून अशा गोष्टींची वेगळी यादी करा आणि प्रत्येकीपुढे "पुढची चौकशी कधी" ही तारीख लिहा. कामाच्या यादीत त्या मिसळल्या की रोज डोळ्यांसमोर येतात, रोज त्यांचं काहीच करता येत नाही आणि हळूहळू माणूस यादी बघणंच सोडतो.

याच काळात लाकडाची तपासणी. जाड टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक वासा (उतारावरचं तिरपं लाकूड) फूटभर अंतराने टोचा. भिंतीवर टेकलेलं टोक आणि वळचणीचं टोक तर नक्कीच, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते आणि वाळवीही चिऱ्यांच्या सांध्यांतून मातीची नळी काढत तिथेच पोचते. टोच्या सेंटीमीटरभर आत गेला तर लाल खडू, टोक तेवढं खराब असेल तर पिवळा, चांगलं असेल तर पांढरा. खालून दिसतं तेवढंच हे चित्र आहे. रिपेखालचा वाशाचा वरचा भाग खण उघडल्यावरच दिसतो. तेव्हा लालच्या संख्येत थोडी भर पडेल असं धरून चाला आणि माट्टी, किंदळ, साग जे काही घरात आहे त्याच जातीचं दोन-तीन वासे जादा लाकूड आधीच आणून सावलीत, फळ्यांमध्ये फटी ठेवून रचून ठेवा. ओलं लाकूड चढवलं तर ते छपरावर वाळतं, पीळ खातं आणि वरची कौलं उचलली जातात.

पहिला खण हा चाचणीचा खण. त्याची घाई करू नका, कारण बाकीच्या नऊ खणांचे आकडे त्यातूनच निघणार आहेत. उतरवलेलं प्रत्येक कौल ताठ ब्रशने पाणी घालून घासा, वाळू द्या आणि बोटांच्या पेरांनी वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर केसासारखी चीर आहे, ते बाजूला. समजा २७० पैकी २१५ निघाली, म्हणजे खणामागे ५५ नवी. दहा खणांना ५५०, त्यावर दहा टक्के फूट धरून ६०५. मात्र नैर्ऋत्येचा मारा झेलणाऱ्या किंवा फणसाच्या, आंब्याच्या सावलीतल्या पाख्यावर शेवाळ जास्त असतं आणि कौलंही जास्त बाद होतात. म्हणून दोन्ही पाख्यांवर एकेक चाचणीचा खण करा आणि दोन्ही आकडे वेगळे ठेवा. एकाच खणावरून सगळी मागणी दिली तर मेमध्ये शंभर कौलांसाठी पुन्हा गाडी बोलवावी लागते.

नवी कौलं आणताना दोन जुनी कौलं बरोबर घेऊन जा. मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. त्यानंतर किनारपट्टीवर अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात फरक राहिला. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचा. दोन वेगळ्या साच्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत आणि त्याच फटीतून वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. त्यासाठी चांगली जुनी कौलं एकत्र करून पूर्ण खण जुन्यांचे घाला आणि नवी सलग खणांत घाला. वर धरलेली ६०५ नवी कौलं म्हणजे दोन पूर्ण खण आणि वर साठ-पासष्ट. ते दोन खण एकमेकांना लागून, मागच्या पाख्याच्या एका टोकाला घेतले तर नव्या-जुन्याचा सांधा फक्त एका ओळीत येतो. उरलेली नवी कौलं पुढच्या फुटीसाठी पडवीत उभी लावून ठेवा.

रिपांच्या अंतराचं माप पुस्तकातून घेऊ नका, आपल्या कौलांवरून काढा. दहा कौलं जमिनीवर एकावर एक अडकवून आधी घट्ट सरकवा आणि मोजा, मग सैल ओढून मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. सहसा ते अंतर ३२ सेंटीमीटरच्या आसपास येतं. त्या लांबीचा लाकडी तुकडा कापा आणि प्रत्येक रीप ठोकताना दोन्ही टोकांना तोच लावा. ओळीमागे ५ मिलिमीटरची चूक झाली तर १९ ओळींत ती साडेनऊ सेंटीमीटर होते आणि आढ्याजवळची शेवटची ओळ बसतच नाही. वळचणीची सगळ्यात खालची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर खाली टेकायला कौल नसल्यामुळे पहिली ओळ पुढे झुकते.

आता मोजणीचं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर छपराचा नकाशा काढा: मधोमध आढं, दोन्हीकडे पाच-पाच चौकटी. प्रत्येक चौकटीत पाच घरं आणि प्रत्येक घराला गुण:

उघडला आणि झाडला: १
लाकूड पुरं, तेलाचे दोन हात वाळले: ४
रिपा मापात: २
कौलं बसली: २
पाणी मारून पाहिलं: १

एका खणाचे १० गुण, सगळ्या छपराचे १००. लाकडाला चार गुण, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. काजूच्या टरफलांचं तेल लावणार असाल तर दोन हातांच्या मधला वाळण्याचा वेळही त्यातच धरा, आणि ते कातडीला भाजतं म्हणून रबरी हातमोजे घालायला लावा.

घर भरायचं ते पुरं भरायचं, अर्धं नाही. "कौलं जवळजवळ बसली" याला शून्य. हा नियम कठोर वाटतो, पण अर्धवट गुण द्यायला सुरुवात केली की सगळे खण नव्वद टक्क्यांवर येऊन थांबतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांत नेमकं काय अडलंय ते कुणालाच सांगता येत नाही. सुताराला "किती झालं?" विचारू नका, "काय काय राहिलं?" विचारा. पहिल्याचं उत्तर अंदाजाने येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला त्याला वर चढून बघावं लागतं.

प्रत्येक घर भरण्याआधीची तपासणी ठरलेली हवी. रिपांसाठी तो लाकडी तुकडा तीन ठिकाणी लावून बघा. कौलांसाठी दुपारी खोलीची दारं-खिडक्या बंद करून खाली उभे राहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे कौल नीट बसलेलं नाही. पाण्यासाठी नळी वळचणीकडून सुरू करून हळूहळू आढ्याकडे न्या, प्रत्येक दोन-तीन ओळींवर काही मिनिटं थांबा आणि खाली एकाला बघायला ठेवा. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम भिजतं आणि गळती कुठल्या ओळीची ते कळत नाही. नळी कौलांखाली वरच्या दिशेने मारू नका, तसं पाणी चांगल्या छपरातूनही आत जातं.

या पुठ्ठ्यावरून रोज दोन आकडे वाचायचे: एकूण गुण आणि मिटलेले खण. गुण सांगतात किती मेहनत झाली. मिटलेले खण सांगतात पावसाला तोंड द्यायची तयारी किती झाली. समजा एका घरी ४१ गुण झालेत: एक खण मिटलेला, नऊ उघडे, त्यातल्या पाचांचं लाकूड झालेलं, एकावर रिपा. दुसऱ्या घरी ३८ गुण: तीन खण मिटलेले, दोन उघडे, त्यातल्या एकाचं लाकूड आणि रिपा झालेल्या. गुण पहिल्याचे जास्त आहेत, पण आज रात्री पाऊस आला तर पहिल्या घरातले लोक पलंग हलवत बसतील. नुसते गुण किंवा नुसता झालेला खर्च बघून काम चाललंय असं समजणाऱ्यांची फसगत इथेच होते.

म्हणून एक मर्यादा घाला: एका वेळी दोनच खण उघडे, आणि तेही आढ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. दोन कारणं आहेत. एका खणाच्या कौलांचं वजन सात-पावणेसात क्विंटल असतं. एकच पाखं मोकळं केलं आणि दुसऱ्यावर भार तसाच राहिला तर जुन्या वाशांवर एकाच बाजूने ताण येतो. दुसरं, समोरासमोरचे दोन्ही खण झाले की मधल्या आढ्याची कौलं लगेच बसवता येतात. ती सिमेंट आणि वाळूच्या १:३ मिश्रणात बसवून आठवडाभर पाणी मारा. मेच्या उन्हात पाणी चुकलं की सांध्याला बारीक चिरा जातात आणि जूनमध्ये गळती आढ्यापासूनच सुरू होते. आढं बसेपर्यंत त्या जोडीच्या खणांचं शेवटचं घर भरू नका. दोन उघड्या खणांसाठी १५ बाय २४ फुटांच्या दोन ताडपत्र्या हाताशी ठेवा आणि त्या आढ्यावरून पलीकडे निदान हातभर टाकून बांधा.

तारखा उलट्या मोजा. गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, पण वळवाच्या सरी मेमध्येच येतात. म्हणून अखेरची तारीख २० मे धरा. खणाला किती दिवस लागतील याचा अंदाज काढायला तीन आकड्यांची जुनी रीत आहे. ती १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात बसवली गेली. सगळं जमलं तर किती, बहुधा किती, सगळं बिघडलं तर किती हे विचारायचं. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात दोन्ही टोकं मिळवायची आणि सहाने भागायचं. ३, ४ आणि ९ दिवस असतील तर ३ अधिक १६ अधिक ९ म्हणजे २८, भागिले सहा, साडेचारच्या थोडं वर. सुतार "चार दिवस" म्हणाला होता. दहा खणांत हाच फरक सहा-सात दिवसांचा होतो.

हा अंदाज फक्त सुरुवातीला. तीन खण मिटले की तो बाजूला ठेवा आणि शेवटच्या तीन खणांची खरी सरासरी वापरा. समजा पहिल्याला ६ दिवस लागले, दुसऱ्याला ४ आणि पुढे हात बसल्यावर साडेतीन. तर ६ अधिक ४ अधिक उरलेल्या आठांचे २८, एकूण ३८ कामाचे दिवस. आठवड्याला सहा दिवस धरले तर सहा आठवडे आणि दोन दिवस. त्यात शिगमो, गावची जत्रा, पाडवा यांचा एक आठवडा मिळवा. या दिवसांत काम होणार नाही हे आधीच लिहून ठेवा, मग ते दिवस वाया गेल्यासारखे वाटत नाहीत. म्हणजे चाचणीचा खण उशिरात उशिरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडायला हवा. मार्चचा पहिला आठवडा अधिक चांगला.

दर शनिवारी मजुरी देताना एकच हिशेब करा: उरलेले खण गुणिले चालू सरासरी. हे दिवस २० मेपर्यंतच्या कामाच्या दिवसांपेक्षा जास्त निघाले तर निर्णय त्याच दिवशी घ्यायचा. जादा माणसं लावून फारसं साधत नाही, कारण एका खणावर दोन सुतार आणि दोन मजूर यापेक्षा जास्त जण मावत नाहीत. त्यापेक्षा शेवटचे दोन-तीन खण यंदा उघडायचेच नाहीत असं ठरवा. तिथे फक्त नेहमीची शाकारणी करा: शेवाळ काढा, फुटकी कौलं बदला, सरकलेली बसवा. पुठ्ठ्यावर त्या चौकटींत "पुढच्या वर्षी" असं स्पष्ट लिहा. कारागिरांप्रमाणे काम विभागलं असतं तर हा मार्ग उरलाच नसता.

तुकडे किती लहान असावेत, हाही प्रश्न येतो. अर्ध्या दिवसापेक्षा लहान काम पुठ्ठ्यावर आणू नका. "खिळे आणणे" हे खरेदीच्या चिठ्ठीत. तीन दिवसांपेक्षा मोठं घर दिसलं तर ते आणखी फोडा. उदाहरणार्थ, एखाद्या खणात तुळईच बदलायची निघाली तर लाकडाचे चार गुण पुरत नाहीत, तिचं वेगळं घर करा. एकूण गुण १०० चे ११० झाले तरी चालतील. आकडा शंभरच ठेवण्यासाठी नवं काम जुन्या घरात दडपलं तर पुढचे सगळे हिशेब खोटे पडतात.

यादीतून हमखास सुटणारी कामं इथेच देतो. वाशांवरून गेलेल्या विजेच्या तारा आणि पंख्यांचे हूक. टाकीचा पाइप. माळ्यावरचं सामान खाली आणून ठेवायला जागा. गांधीलमाश्यांची पोळी. देवघरावरचा खण उघडण्याआधी देव कुठे हलवायचे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवणं. आणि चवथीला गणपतीपुढे माटोळी (फळं-भाज्या टांगायची चौकट) बांधतात ती जागा: नारळ, दोडके, सुपारीच्या कातऱ्यांचं सगळं ओझं त्या कड्यांवर येतं. तिथली तुळई किंवा पाटी बदलली तर जुन्या कड्या मोजून, त्याच अंतरावर परत बसवल्या आहेत हे त्या खणाच्या तपासणीत लिहा. ऑगस्टमध्ये ते लक्षात आलं तर नव्या लाकडाला घाईने भोकं पाडावी लागतात.

पैसेही खणांप्रमाणेच द्या. सामानासाठी उचल, मजुरीचा मोठा हिस्सा खण मिटल्यावर, आणि एकूण मजुरीतला दहावा भाग पहिल्या जोरदार पावसानंतर. हे बोलणं काम सुरू होण्याआधी, दोघांसमोर, लिहून झालं पाहिजे. कारागिराच्या बाजूनेही ते न्याय्य आहे, कारण त्याला दर चार-पाच दिवसांनी नक्की रक्कम मिळते आणि शेवटी सगळ्या हिशेबासाठी भांडावं लागत नाही. उघड्या छपरावर चालायला फळ्या आणि कमरेला दोर हवा. तो खर्च तुमचा, त्याच्या मजुरीतून कापू नका.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगणातल्या एकाच जागेवरून छपराचा फोटो काढा आणि सहमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन आकड्यांसह टाका: "गुण ५२, मिटलेले खण ४." परदेशातल्या बहिणीलाही एवढ्यावरून कळतं की पुढचे पैसे कधी पाठवायचे. पुठ्ठा मात्र पडवीतच, सुतार जिथे चहा पितो तिथे लावा, आणि घरं भरायचा खडू त्याच्याच हातात द्या. तपासणी तुम्ही करायची, खूण त्याने.